रोज संध्याकाळी दहावीचा निकाल

मंगळवारी दुपारी पावणेतीनला मी देशी दुकानात मेथीची जुडी निवडत होते. फोन वाजला. लेकीच्या शाळेच्या पोर्टलवरून निरोप आला होता: बायॉलॉजी, लॅब रिपोर्ट, २० पैकी ०, 'मिसिंग'. जुडी हातात तशीच धरून मी आधी लेकीला मेसेज केला, मग तिच्या शिक्षकांना ईमेल लिहायला घेतला, आणि गाडी घराशी लागेपर्यंत मनातल्या मनात तिची हायस्कूलची चार वर्षं, कॉलेज आणि पहिली नोकरी बुडवून मोकळी झाले.

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, एवढं काय झालं? कितवीत आहे ती?"

"नववीत."

"मग तुला किती होते गं नववीत?"

मला आठवेना. दहावीचे टक्के दशांशासकट पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. नववीचा मात्र एक आकडा आठवत नाही. बीजगणिताचे नाहीत, शास्त्राचे नाहीत, काहीच नाही. आमच्याकडे नववी हे दहावीच्या आधीचं एक वर्ष होतं, उन्हाळ्यात दहावीचे क्लास सुरू व्हायची वाट बघायचं.

इथल्या नववीत काय होतं, मुलांवर ताण नेमका कशाचा येतो आणि त्यांच्यावर पडणारी जबाबदारी कोणती, हे मला समजायला वर्ष लागलं. मी दर रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवते, तिथे वर्गाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या आईबाबांशीही हेच बोलणं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. नववीतल्या मुलाला 'फ्रेशमन' म्हणतात, मग सोफोमोर, ज्युनियर, सीनियर. मूल चौदा वर्षांचं असतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एकदम दीड-दोन हजार मुलांच्या शाळेत जाऊन पडतं. आपल्यासारखी 'नववी अ' किंवा 'नववी ब' अशी तुकडी नसते. एका बाकावर वर्षभर बसायचं आणि शिक्षकांनी आपल्याकडे यायचं, हा प्रकार नाही. शिक्षक आपापल्या खोलीत असतात, घंटा वाजली की मुलांनीच या टोकाहून त्या टोकाला धावायचं. शेजारी बसणारं मूल दर तासाला वेगळं. विषय सात-आठ, शिक्षक सात-आठ, आणि एकेका शिक्षकाकडे दिवसभरात शंभर-सव्वाशे मुलं येऊन जातात. सांगलीला आमच्या वर्गशिक्षिका होत्या, मी दोन दिवस आले नाही तर त्या गल्लीतल्या मैत्रिणीकरवी निरोप पाठवायच्या. इथे त्या जागी 'काउन्सेलर' असतो. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना म्हणते की एका काउन्सेलरकडे २५० मुलं असावीत, आणि देशाची सरासरी त्याहूनही बरीच वर आहे. म्हणजे तुमच्या मुलाचा चेहरा उतरलाय हे त्याच्या लक्षात यायला मुलाला स्वतः त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं.

दुसरी गोष्ट क्रेडिट्सची. इथे 'नववी पास, दहावीत गेलो' असं सरसकट होत नाही. प्रत्येक विषयाचे क्रेडिट असतात आणि हायस्कूल पूर्ण करण्यासाठी ते जमवायचे असतात. न्यू जर्सीत हायस्कूल डिप्लोमासाठी किमान १२० क्रेडिट लागतात, वर्षभर चालणाऱ्या एका विषयाचे साधारण ५. एखाद्या विषयात नापास झालात तर तेवढे क्रेडिट हातातून गेले, उन्हाळ्यात किंवा पुढच्या वर्षी ते भरून काढा. या पद्धतीचं मूळ मजेशीर आहे. अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी एक संस्था काढली. कुठल्या कॉलेजांना या पेन्शनमध्ये घ्यायचं हे ठरवताना संस्थेने अट घातली की प्रवेश देताना विद्यार्थ्याचं हायस्कूल शिक्षण ठरावीक मापाने मोजलं गेलं पाहिजे. ते माप म्हणजे 'कार्नेगी युनिट', एका विषयाचे साधारण १२० तास. शंभर वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी आज माझी मुलगी क्रेडिट मोजते आहे.

आता मुख्य मुद्दा, मार्कांचा. आपल्या डोक्यात शिक्षण म्हटलं की एक परीक्षा येते. वर्षभर काय केलं ते केलं, मार्चमध्ये बोर्डाचा पेपर कसा गेला त्यावर सगळं. गृहपाठ केला नाही तर बाई ओरडायच्या, अंगठे धरून उभं करायच्या, पण त्याने बोर्डाच्या टक्क्यांत फरक पडायचा नाही. त्यामुळे वर्षभर उनाडक्या करून शेवटचे दोन महिने रात्री जागून मेरिटमध्ये आलेल्या पोरांच्या कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात.

इथे बोर्ड नाही. गृहपाठ, वर्गातली छोटी चाचणी, लॅब रिपोर्ट, प्रकल्प, सगळं त्या त्या शिक्षकाच्या वहीत चढतं आणि त्याची सरासरी म्हणजे ग्रेड. साधारण ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, ७० च्या वर सी. शेवटचे दोन महिने जागून भरपाई करायला फारशी जागा उरत नाही. आणि उलट बाजूने, कुठलाही एक पेपर तुमचं आयुष्य उलथवत नाही. खरं तर ही पद्धत बोर्डापेक्षा दयाळू आहे. पण आम्ही दहावी-बारावीतून तावून निघालेले आईबाप ती बघतो आमच्याच चष्म्यातून. पोर्टलवर रोज काहीतरी आकडा पडतो, आणि आकडा दिसला की आम्हाला निकालाचा दिवस आठवतो. शाळेतल्या फलकासमोरची गर्दी, पोटातला गोळा, पेढ्यांचा पुडा आणायचा की नाही. वर्षातून एकदा येणारा तो दिवस आता आमच्या घरात रोज संध्याकाळी येतो.

पोरांना बोर्डाची परीक्षा नाही, तरी आम्ही ती घरात लावून दिली आहे.

त्या लॅब रिपोर्टचंच गणित मांडते, कारण त्यात नववीतली निम्मी गोष्ट येते. त्या वेळी बायॉलॉजीत पाच गोष्टींचे मार्क चढले होते, प्रत्येकी २० चे. पहिल्या चारांत लेकीला १८, १८, १८, १८. पाचवा शून्य. बेरीज १०० पैकी ७२. म्हणजे सी. जे मूल प्रत्येक वेळी नव्वद टक्क्यांचं काम करतं, ते एक कागद न दिल्यामुळे सीवर आलं. आता उलटं बघा. तिने तो रिपोर्ट अगदी घाईघाईत, वाईट लिहून दिला असता आणि २० पैकी १० पडले असते, तरी ८२ झाले असते, बी. शून्य म्हणजे 'कमी मार्क' असं आपण समजतो. सरासरीत ते विहिरीसारखं असतं, बाकीचे सगळे आकडे त्यात ओढले जातात. (यावर अमेरिकेतल्या शिक्षकांत कडाक्याचा वाद आहे. काही ठिकाणी शून्याऐवजी किमान ५० द्यायची पद्धत आणली. काहींना ती न्याय्य वाटते, काहींना फुकटचे मार्क. आमच्या शाळेत शून्य म्हणजे शून्यच.)

नववीतल्या मुलांच्या ग्रेड घसरतात तेव्हा आईबाप लगेच ट्यूशनच्या मागे लागतात, कारण आपल्या लेखी मार्क कमी म्हणजे विषय कळला नाही. पण मी ज्या मुलांना जवळून बघते, त्यांतल्या बऱ्याच जणांना विषय कळलेला असतो. रिपोर्ट लिहिलेलासुद्धा असतो! तो बॅगेच्या तळाशी, केळ्याच्या सालीखाली चेपलेला असतो, किंवा 'सबमिट'चं बटण दाबायचं राहिलेलं असतं. आठवीपर्यंत शिक्षक "अरे, तुझं आलं नाही" म्हणून आठवण करतात. नववीत ती आठवण थांबते आणि ते कुणी मुलाला सांगत नाही. जबाबदारी म्हणतात ती ही अशी, अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींची: कुठे काय द्यायचंय ते एका जागी लिहून ठेवणं, वेळेत देणं, नाही कळलं तर जाऊन विचारणं, आजारी पडलो तर बुडालेलं काम स्वतः मागून घेणं.

चौदाव्या वर्षी हे अवघड का जातं? पुढचं बघून आखणी करणं, मोह आवरणं, चार कामांचा क्रम लावणं ही कामं मेंदूच्या कपाळामागच्या भागाची. तो भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणून नववीतल्या मुलाला "तू आता मोठा झालास, तुझं तू बघ" म्हणून एका दिवसात सोडून देणं चूक, आणि तो भाग वापरायची संधीच न देणं त्याहून चूक.

आता दुसरं गणित, ज्याने माझा जीव भांड्यात पडला. जीपीए. एचे ४, बीचे ३, सीचे २, डीचा १, एफचं शून्य, आणि सगळ्यांची सरासरी. (ऑनर्स किंवा एपीसारख्या कठीण अभ्यासक्रमांना बऱ्याच शाळा वर अर्धा-एक गुण देतात, ते तूर्त सोडा.) समजा सात विषय, वर्षाच्या दोन सत्रांच्या मिळून चौदा ग्रेड. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीला जातात, म्हणजे तोवर तीन वर्षांच्या ४२ ग्रेड जमा होतात. त्यांत ४१ ए आणि नववीतला एक बी असला तर जीपीए किती उतरला? एकाला ४२ ने भागा: साधारण ०.०२. चार ऐवजी ३.९८. ज्या बीपायी रात्री जेवणाच्या टेबलावर रडारड होते, त्याची किंमत ही एवढी.

आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना तर एक गंमत सांगायलाच हवी. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे ज्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या शाखा आहेत, ती युनिव्हर्सिटी प्रवेशाचा जीपीए काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्याच ग्रेड धरते. नववीच्या ग्रेड त्या हिशेबात येत नाहीत. विषय मात्र झालेला लागतो, किमान सी मिळवून. मला हे एका बे एरियातल्या मैत्रिणीने सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला हे कळलं तेव्हा पोरगी अकरावीत होती. नववीचं सगळं वर्ष आम्ही तिला ज्यासाठी रडवलं, ते त्या जीपीएत धरलंच जाणार नव्हतं."

मग नववी बिनमहत्त्वाची का? अजिबात नाही. तिचं महत्त्व वेगळ्याच जागी आहे, आणि ते सगळ्यात चांगलं दाखवलं शिकागोने.

शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन गटातल्या एलेन ऍलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ साली तिथल्या सरकारी शाळांवर एक अहवाल काढला. प्रश्न साधा होता: कुठलं मूल हायस्कूल पूर्ण करेल आणि कुठलं मध्येच सोडेल, हे आधी कशावरून ओळखायचं? त्यांना सापडलेली खूण अगदी घरगुती होती. नववीच्या अखेरीस मुलाने पाच पूर्ण विषयांचे क्रेडिट मिळवले असतील आणि मुख्य विषयात एकापेक्षा जास्त सत्रांत एफ नसेल, तर ते मूल 'रुळावर' आहे. रुळावरची मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्या मुलांच्या साडेतीनपट होती. आठवीतल्या चाचणीचे मार्क किंवा घरची परिस्थिती यांच्यापेक्षा ही खूण जास्त नेमकं सांगत होती.

पुढचा अहवाल २००७ चा, आणि तो मला जास्त आवडतो. नववीत मूल नापास होणार का, हे सांगण्यात आठवीतल्या चाचणीच्या मार्कांपेक्षा नववीतली हजेरी आठपट उपयोगी ठरली. हुशार म्हणून आलेली, चाचणीत वरच्या पाव हिश्श्यात असलेली मुलं एका सत्रात दोन आठवडे गैरहजर राहिली, तर ती एकच आठवडा गैरहजर राहिलेल्या सगळ्यात कच्च्या मुलांपेक्षा जास्त विषयांत नापास होत होती. हुशारीपेक्षा रोज बाकावर येऊन बसणं भारी पडत होतं.

इथे आमच्या लोकांनी कान टवकारायला हवेत, कारण डिसेंबर आला की आमच्या घरांत एकच विषय असतो: तिकिटं. मावसभावाचं लग्न आहे, आजीची पंच्याहत्तरी आहे, शाळेला सुट्टी दहाच दिवसांची, मग आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक बुडवू. पाचवी-सहावीत ते खपून जातं. नववीत परत आल्यावर सात विषयांचं दोन आठवड्यांचं काम, जेट लॅग आणि सत्र संपत आलेलं. मी स्वतः हे केलं आहे, म्हणून सांगते. शिकागोची मुलं आणि आमची मुलं यांत फरक आहे हे मान्य. लग्नाला जाऊन आलेलं मूल काही शाळा सोडत नाही. पण बुडालेल्या कामाचं शून्य ते शून्यच. आता आम्ही शक्यतो उन्हाळ्यात जातो, पावसात भिजतो आणि लग्नं चुकवतो. नातेवाईक नाराज आहेत.

शिकागोच्या शाळांनी त्या अहवालांचं पुढे काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. नववीच्या मुलांची हजेरी आणि ग्रेड त्यांनी पहिल्या आठवड्यांपासून बघायला सुरुवात केली. कुणी घसरू लागलं की कुणीतरी मोठं माणूस जाऊन विचारायचं, काय झालं, काय राहिलंय, कसं पूर्ण करू या. २००७-०८ मध्ये रुळावर असलेली नववीची मुलं ५७ टक्के होती. २०१२-१३ मध्ये ८२ टक्के. मुलांना एकटं टाकून ती जबाबदार झाली नाहीत. कुणीतरी वेळेवर बघत होतं, आणि ते बघणं ओरडण्यासाठी नव्हतं.

आमच्या भागात मात्र घसरण्याची तऱ्हा वेगळी आहे. प्रिन्स्टनजवळच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शाळा जिल्ह्याचं (म्हणजे एकाच प्रशासनाखालच्या शाळांच्या गटाचं) उदाहरण न्यू जर्सीतल्या देशी लोकांना माहीत असेल. शाळा नामांकित, आणि बहुसंख्य मुलं आशियाई, त्यात भारतीय भरपूर. २०१५ साली तिथले अधीक्षक डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या शैक्षणिक वर्षात त्या जिल्ह्यातल्या १२० मुलांना मानसिक आरोग्याची तपासणी करून घ्यायला सांगावं लागलं होतं आणि ४० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. पालकांत सरळ दोन तट पडले. काहींनी हुश्श केलं. काहींना, त्यांत आमचे बरेच जण, वाटलं की शिक्षण पातळ केलं जातंय, आमच्या मुलांच्या मेहनतीची शिक्षा होतेय. मला दोन्ही बाजू कळतात. ज्या माणसाला शिक्षणाने चाळीतून उचलून इथे आणून ठेवलं, त्याला "जरा कमी शिका" हे ऐकवत नाही.

पण ताण हा फक्त गरिबीचा रोग नाही, हे त्याआधीच दिसू लागलं होतं. मूळच्या भारतीय मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या गरीब वस्तीतल्या आणि उपनगरातल्या सुखवस्तू मुलांची तुलना केली. चिंता, उदासी आणि नशा उपनगरातल्या मुलांत जास्त निघाली. पुढची वीस वर्षं त्या याच विषयामागे होत्या. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या एका अहवालात धोक्यात असलेल्या मुलांच्या यादीत अतिशय यशस्वी शाळांमधली मुलंही आली.

मला यात एक गोष्ट सतत दिसते. आम्ही मुलांना ताण भरपूर देतो आणि जबाबदारी जवळजवळ देतच नाही. कुठला विषय घ्यायचा ते आम्ही ठरवतो. आठवीत अल्जिब्रा, नववीत जॉमेट्री, म्हणजे बारावीला कॅल्क्युलस, हा जिना पोरगं सहावीत असताना आम्ही आखून ठेवलेला असतो. कुठल्या दिवशी काय द्यायचं ते पोर्टलवर बघून आम्हीच आठवण करतो. शिक्षकांना ईमेल आम्ही करतो. आणि मग ग्रेड आली की ती मात्र मुलाची. "तुझा बी आला." लगाम आमच्या हातात, चाबूक घोड्याला.

त्या मंगळवारी मी पाठवलेल्या ईमेलला बायॉलॉजीच्या शिक्षकांचं उत्तर रात्री आलं. दोन ओळी. तिला उद्या शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायला सांगा, तिच्याशी बोलतो. बस. माझ्या तीन परिच्छेदांपैकी एकालाही उत्तर नाही. मला आधी अपमान वाटला. लेक वरच्या मजल्यावरून म्हणाली, "आई, तू का लिहिलंस? आता ते मला बेबी समजतील." आई भाजी चिरत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बरोबर आहे तिचं."

अमेरिकन कायद्यातही एक तारीख आहे जी पालकांनी डोक्यात ठेवावी. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. त्यानुसार मुलाची शालेय कागदपत्रं बघायचा हक्क पालकांना असतो, पण मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की तो हक्क मुलाकडे जातो. फी तुम्ही भराल, पण ग्रेड बघायच्या तर मुलाला विचारा. म्हणजे नववीपासून आपल्या हातात चार वर्षं आहेत, त्यात हे सगळं हळूहळू मुलाकडे सोपवायचं. चौथ्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एकदम सोपवलं तर ते कॉलेजातल्या वसतिगृहात, आपल्यापासून तीन राज्यं लांब, पहिल्यांदा शून्य बघणार.

आमच्या घरात काय बदललं ते सांगते, सगळ्यांना लागू पडेल असं नाही. मी फोनवरचे पोर्टलचे निरोप बंद केले. रविवारी मराठी शाळेतून आलो की जेवणानंतर लेक स्वतः लॅपटॉप उघडते, एकेक विषय दाखवते. मी फक्त एक प्रश्न विचारते: "राहिलेलं काही आहे का?" आकड्यावर बोलायचं नाही असं ठरलंय, ते मला दर वेळी जमत नाही. शिक्षकांना ईमेल तीच लिहिते. पहिली लिहायला चाळीस मिनिटं लागली. शेवटी झाली ती अशी: "मी मागच्या आठवड्यातला लॅब रिपोर्ट दिलेला नाही. तो पूर्ण झाला आहे, पण सबमिट करायचा राहिला. उशिरा घेता येईल का? उद्या शाळेनंतर मी येऊ शकते." चार वाक्यं. यात एकही सबब नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. मी लिहिलेल्या तीन परिच्छेदांत पाच होत्या.

एक गोष्ट मात्र रविवारच्या लॅपटॉपने सुटत नाही. काही मुलांना कामाचा क्रम लावणं खरंच जमत नाही, कितीही समजावलं तरी. एडीएचडी (लक्ष टिकवणं कठीण जाण्याचा विकार) असेल, चिंतेचा विकार असेल. आमच्या समाजात याला अजून 'आळशी' आणि 'लक्ष नाही' म्हणतात. इथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं कलम ५०४ अशा मुलांसाठी आहे. त्याखाली शाळेकडून परीक्षेला जास्त वेळ, लेखी सूचना, वर्गात वेगळी जागा अशा सोयी मागता येतात. मागायला लाजू नये. आणि मूल जेवेनासं झालं, खोलीतून बाहेर येईनासं झालं, "मी नसले तर बरं" असं बोललं, तर ग्रेडचा विषय त्याच क्षणी बाजूला ठेवायचा. अमेरिकेत अशा मानसिक संकटात मदतीसाठी ९८८ या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन किंवा मेसेज करता येतो.

झोपेबद्दल थोडक्यात. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, रात्री अकराच्या आधी डोळा लागत नाही. डॉक्टर आठ ते दहा तास झोप सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नका, आणि कॅलिफोर्नियाने २०२२ पासून तसा कायदा लागू केला. आमच्याकडे बस सकाळी सहा पन्नासला येते. हिशेब तुम्हीच करा. ज्या रात्री साडेअकराला पोरगी अजून वर बसलेली असते, त्या रात्री "अभ्यास करतेय" म्हणून कौतुक वाटणं मी मोठ्या कष्टाने बंद केलं आहे.

आई मेमध्ये परत गेली. जाताना नातीला म्हणाली, "तुझ्या आईला नववीत गणितात किती होते ते मला आठवतंय, पण मी सांगणार नाही." नात अजून माझ्या मागे लागलेली असते.

तो लॅब रिपोर्ट शिक्षकांनी घेतला. उशिराचे तीस टक्के कापले, म्हणजे २० पैकी १४. त्या पाचांची बेरीज ८६ झाली, बी. वेळेत दिला असता तर ए होता, हे लेकीने मला न विचारता स्वतःच सांगितलं, आणि मी "हं" एवढंच म्हटलं. ते १४ मी रविवारीच पाहिले, ठरल्याप्रमाणे.

खोटं कशाला बोलू, शुक्रवारी रात्रीच पाहिले होते.